तेलाने खाज थांबली, पण किडा मेला का?

पत्र थोडक्यात असं:

"मी मुंबईत बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लालबागला आमच्या गावच्या मंडळाची खोली आहे, तिथे आम्ही नऊ जण राहतो. पावसाळा लागल्यापासून एकेकाला खाज सुटली, रात्री झोप नाही. एका काकांना डॉक्टरांनी खरूज सांगून क्रीम दिलं. माझी आजी देवगडकडे करंजेलात (करंजाच्या बियांच्या तेलात) कडुनिंबाचा पाला आणि आंबेहळद उकळून तेल करते, गावात खरजेला तेच लावतात. मी तिच्याकडून मागवून सात जणांना दिलं. आठवड्यात पाच जणांची खाज बरीच उतरली. एकाला फरक नाही. एकाच्या मांडीची कातडी लाल होऊन आग होते आहे. एका काकांचं बिऱ्हाड ठाण्याजवळ दिव्याला आहे, दर रविवारी ते घरी जातात. आता त्यांच्या दीड वर्षाच्या मुलीच्या अंगावर पुटकुळ्या आल्यात. मला हे तेल शास्त्रीय पद्धतीने तपासून सिद्ध करायचं आहे. क्रीमवाल्या काकांना महिनाभर क्रीम थांबवायला सांगू का, म्हणजे तेलाचा परिणाम स्वच्छ दिसेल? आजूबाजूच्या खोल्यांतून आणखी माणसं घेऊ का? आणि गणपतीला गावी जाताना बाटल्या भरून विकायला हरकत आहे का?"

प्रिय मित्रा,

क्रीम थांबवायला सांगू नकोस. सांगितलं असशील तर आज संध्याकाळीच त्यांना परत सुरू करायला सांग. ज्या आजारावर खात्रीचा उपाय हाताशी आहे, त्या आजाराच्या माणसाला नवा उपाय पाहण्यासाठी उपायाविना ठेवता येत नाही. पदवी कोणतीही असो, त्याला सूट नाही. तुझा हेतू चांगला आहे, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

आधी दिव्याची मुलगी. तिला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्यायला सांग आणि तिच्या अंगाला तेल लावू नका. लहान मुलांत खरूज तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येते, खाजवून जखमा होतात, त्यात पू होतो. त्या जंतुसंसर्गातून पुढे मूत्रपिंडाला सूज आल्याचीही उदाहरणं आहेत. आजीच्या तेलात पाला आहे, पण कडुनिंबाच्या बियांच्या तेलाबद्दल तर तू घरोघरी सांगायला हवंस, कारण ते पोटात गेल्यावर लहान मुलं गंभीर आजारी पडल्याच्या, झटके येऊन दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दीड वर्षाचं मूल स्वतःची बोटं चोखतं, हे विसरू नकोस.

मांडीची आग होणाऱ्या गृहस्थांनी तेल बंद करावं, साध्या पाण्याने धुवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. त्यांना खरूज होती की गजकर्ण, हेही तेव्हाच कळेल. नऊ जण दाटीने राहतात तिथे पावसाळ्यात दोन्ही एकदम असू शकतात. गजकर्ण ही बुरशी आहे, खरूज हा आठ पायांचा किडा. जांघेतल्या गोल चट्ट्यावर खरजेचं औषध लावून काही होत नाही. आणि औषधाच्या दुकानात "सगळ्यावर चालते" म्हणून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब कुणी लावत असेल तर ती आजच बंद करायला लाव. तिने खाज दबते, लाली जाते आणि रोग आत वाढत राहतो.

आता तुझ्या तेलाकडे येऊ. तुझ्या सात माणसांच्या हिशेबात जी चूक आहे ती मोठमोठ्या माणसांच्या हिशेबातही असते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

खरजेची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ खणते, रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं वयात येतात. नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर मोठे किडे असतात जेमतेम दहा-पंधरा. मग एवढी खाज कशाची? किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांना आपलं शरीर जी प्रतिक्रिया देतं, तिची ती खाज. पहिल्यांदा लागण झालेल्याला ही प्रतिक्रिया यायलाच चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तुमच्या खोलीत आज ज्याला काही होत नाही, तोही किडे बाळगून असू शकतो. दिव्याच्या काकांनी मुलीला कडेवर घेतलं तेव्हा कदाचित त्यांना स्वतःला खाजही नसेल. उलट बाजूने पाहिलं तर किडे सगळे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते.

म्हणजे खाज हा साक्षीदार दोन्ही बाजूंनी फसवतो. किडा असून खाज नसते, किडा गेला तरी खाज राहते. तेलाने कोरडी कातडी मऊ होते, हळदीने दाह उतरतो, त्यामुळे "काका, कसं वाटतंय?" या प्रश्नाला आठव्या दिवशी मिळालेलं "बरं वाटतंय" हे उत्तर खरंही असतं आणि तुझ्या प्रश्नाला निरुपयोगीही. तुझा प्रश्न होता, किडा मेला का?

तो कसा बघायचा, तेही सांगतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहिलं तर पाच-दहा मिलिमीटर लांबीची, राखाडी, वाकडीतिकडी रेघ दिसते. ते बीळ. दिसत नसेल तर त्यावर फाउंटन पेनची शाई लावून वरून पुसायची, बिळात शिरलेली शाई मागे राहते. रेघेच्या टोकाला बारीक ठिपका असतो, मादी तिथे बसलेली असते. डॉक्टर तिथे तेलाचा थेंब टाकून पात्याने हलकेच खरवडतात आणि तो थेंब काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पोटाचा, आखूड पायांचा किडा दिसतो, शेजारी लंबगोल अंडी आणि विष्ठेचे तपकिरी कण. किडा जिवंत असेल तर पाय हलवत असतो. प्रयोगशाळेत औषध तपासतात ते असंच: किडे औषधात ठेवायचे आणि किती वेळात पाय थांबतात ते घड्याळ लावून पाहायचं. ऑस्ट्रेलियात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात ५ टक्के टी ट्री तेलात निम्मे किडे तासाभरात मेले. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल तर पर्मेथ्रिनला, म्हणजे खरजेच्या नेहमीच्या औषधाला, दाद न देणाऱ्या किड्यांनाही मारतं, असं २०१० मध्ये दिसलं.

झाडपाल्यात ताकद आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पर्मेथ्रिन हे तुझ्या काकांचं क्रीमसुद्धा शेवंतीच्या कुळातल्या फुलांत सापडणाऱ्या पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनवलेलं आहे. पण काचेवरचा किडा औषधात बुडालेला असतो आणि माणसाच्या अंगावरचा किडा बिळात. तिथवर तेल पोचतं का? पोचलं तर अंडी मरतात का? अंडी वाचली तर रोगी आठवडाभर खूश आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खाजवत बसलेला. पर्मेथ्रिनसुद्धा एकदा लावून भागत नाही. आठवड्याने दुसऱ्यांदा लावतात ते मागे राहिलेल्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी. आणखी एक अडचण म्हणजे हे किडे प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, जिवंत शरीर लागतं. म्हणून संशोधक सशाच्या नाहीतर डुकराच्या अंगावरचे किडे वापरतात. हे काम खोलीतल्या टेबलावर होण्यासारखं नाही.

कडुनिंब आणि हळदीवर भारतातला एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दोन्हींचा लेप ८१४ माणसांना लावला आणि ९७ टक्के लोक ३ ते १५ दिवसांत बरे झाले, असं त्यात म्हटलं आहे. तू शोधायला बसलास की तोच पहिला सापडेल आणि तुला आनंद होईल, तो व्हायलाच हवा. पण मग तुझ्या विषयातला प्रश्न विचार: शेजारी दुसरा गट होता का, ज्याला दुसरं काही लावलं? नव्हता. मग ९७ मधला किती वाटा लेपाचा, किती सगळ्यांनी एकदम अंघोळ करून लेप लावण्याचा, किती रोज कुणीतरी येऊन विचारपूस करण्याचा, हे वेगळं काढता येत नाही. तो अभ्यास पुढच्या तपासणीला बोलावणं आहे. आजीच्या तेलाची जाहिरात म्हणून तो वापरू नकोस.

आपल्याकडची औषधं अशी तपासलीच जात नाहीत, हे मात्र खरं नाही. भगंदरावरचं क्षारसूत्र घे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तो अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या समोर उभा केला, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारख्या वाटणीने ठरलं, आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. दोऱ्याने बरं व्हायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. हे छापलं गेलं म्हणून आज सर्जनही क्षारसूत्राचं नाव आदराने घेतात. आजीच्या तेलाला अशीच वागणूक मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तशी चाचणी कधी झालीच तर खरजेत वाटणी माणसागणिक करता येणार नाही. तुमच्याच खोलीचं बघ. एकाला तेल, दुसऱ्याला क्रीम दिलं आणि दोघं एकाच वळकटीवर आलटून पालटून झोपत असतील, रात्रपाळीवाला सकाळी आणि दिवसपाळीवाला रात्री, तर कोण कशाने बरा झाला आणि कोणाला कोणाकडून पुन्हा लागलं? म्हणून चिठ्ठी टाकायची ती खोलीच्या नावाने, खोलीतले सगळे एकाच उपायावर. फिजीमध्ये अशीच चाचणी झाली, तिथे वाटणी बेटांच्या वस्त्यांमध्ये केली होती. २०१५ साली त्याचे निकाल आले. जिथे सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिनच्या, म्हणजे किडा मारणाऱ्या, गोळ्या दिल्या, तिथे खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. जिथे नेहमीप्रमाणे फक्त खाजणाऱ्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना पर्मेथ्रिन दिलं, तिथे ते ३७ वरून १९ पर्यंतच उतरलं.

तेलाच्या गटाला तोलायचं ते पर्मेथ्रिनशी, कारण रिकामा गट ठेवणं अन्यायाचं आहे. ठरलेल्या दिवशी बरं न वाटणाऱ्याला लगेच खात्रीचं औषध मिळायला हवं. करंजेलाचा वास लपत नाही, त्यामुळे लावणाऱ्याला कळणारच. पण चार आठवड्यांनी बिळं मोजणाऱ्या डॉक्टरला कोणती खोली कशावर होती हे कळू द्यायचं नाही. यासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, पहिला रुग्ण घेण्याआधी देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद लागते आणि अपाय झाला तर भरपाईची तरतूद लागते. आणि संमती. तुझ्या खोलीतले काका तुला नाही म्हणू शकतील का? आजी त्यांच्या गावची, तू त्यांच्या मित्राचा मुलगा. ते भिडेखातर हो म्हणतील, आग झाली तरी चार दिवस सांगणार नाहीत. मांडीच्या आगीबद्दल तुला कितव्या दिवशी कळलं, आठवून बघ. यासाठीच आजूबाजूच्या खोल्यांतून माणसं गोळा करू नकोस.

विकण्याचं उत्तर लहान आहे. आयुर्वेदिक असलं तरी औषध बनवून विकायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. गणपतीत गावी बाटल्या विकू नकोस.

मग तू काय करू शकतोस? बरंच. तेलाची कृती पक्की करणं हे फार्मसीच्या विद्यार्थ्याचंच काम आहे आणि ते कुणी केलेलं नसतं. पाला किती ग्रॅम, ओला की सुकवलेला, कोणत्या महिन्यात तोडलेला? करंजेल घाण्यावरचं की दुकानातलं? किती वेळ उकळलं, चुलीवर की गॅसवर? कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन हे किडे मारणारं द्रव्य उष्णतेने आणि उजेडाने नासतं, त्यामुळे उकळल्यावर त्यातलं काय शिल्लक राहतं हा खरोखर चांगला प्रश्न आहे. कॉलेजच्या फार्माकॉग्नसी (औषधी वनस्पतींच्या) विभागात एचपीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, असेल तर तीन वेगवेगळ्या घाण्यांच्या तेलातलं करंजीन हे करंजातलं द्रव्य मोजून बघ. तिन्हीत आकडे दूर दूर आले, तर "आजीचं तेल" नावाची एक वस्तू अजून अस्तित्वातच नाही, आणि मग चाचणी कशाची करणार? अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय भरपूर आहे. पुढे जायचं असेल तर परळला केईएम रुग्णालयात आयुर्वेद संशोधन केंद्र आहे. याच केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकरांनी आयुर्वेदिक वनस्पती आधुनिक कसोट्यांवर तपासण्याचं काम उभं केलं. वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालय आहे. तुझ्या गाईडबरोबर जा, वही घेऊन जा.

वहीत आजीचं नाव, गाव आणि तारीख घाल. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ते जुन्या लेखी पुराव्यांच्या बळावर. घरोघरी सगळ्यांना माहीत होतं एवढ्यावर ते भागलं नसतं.

आता खोली. गणपतीला सगळे गावी निघणार, वळकट्यांसकट, आणि वाडीत नातवंडं अंगाखांद्यावर खेळणार. म्हणजे तुमच्या हातात थोडेच आठवडे आहेत. नऊच्या नऊ जण जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा केईएमच्या त्वचा विभागात जा. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन ५ टक्के देतील. ते सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, जांघेत. एका मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं, एका ट्यूबमध्ये तिघं भागवू नका. आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यायचं, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. रात्रपाळीवाल्यांची सुट्टी बघून दिवस ठरवा, नाहीतर एक जण सुटतो आणि तोच सगळ्यांना परत देतो. दिव्याच्या घरीही त्याच दिवशी. तिथे मुलीचं आणि आईचं औषध डॉक्टर ठरवतील.

चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा. गोधड्या पावसात वाळत नाहीत, त्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत गच्च बांधून आठवडाभर पोटमाळ्यावर टाका, माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. खोलीभर कीटकनाशक फवारू नका. नंतरही खाज राहिली तर घाबरून रोज क्रीम लावत बसू नका, चार आठवड्यांनी पुन्हा दाखवा.

आणि आजीला फोन कर. मला तिच्या तेलापेक्षा तिच्या पद्धतीबद्दल जास्त उत्सुकता आहे. गावात खरूज आली की ती एकट्याला तेल लावायची की घरातल्या सगळ्यांना? त्याच दिवशी? कपडे उकळायला लावायची का? अंथरुणं उन्हात टाकायची का? किती दिवसांनी पुन्हा लाव म्हणायची? तू लालबागला बाटली मागवलीस, पण बाकीचं गावीच राहिलं असेल, आणि कदाचित गुण त्या बाकीच्यातच जास्त असेल. सगळं उतरवून घे. आणि हे तेल कुणाला लावायचं नाही, असं ती सांगते का, तेही विचार. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, जखम असलेल्याला? त्याचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिही.